वाघाचा कान

माय, काल शेजारच्या पोराच्या टी-शर्टवर वाघ छापलेला पाहिला आणि वैनगंगेकाठचं आपलं सैपाकघर आठवलं. ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. तू नागपूरहून वाघाच्या छापाचे कागद मागवायचीस. चुलीतले निखारे इस्त्रीत भरायचे, दुमडलेल्या घोंगडीवर पांढरा टी-शर्ट ताणून अंथरायचा, त्यावर कागद उपडा ठेवून दाबत राहायचं. अवघड काम त्यानंतरचं होतं, थांबण्याचं. कागद पुरता गार झाल्याशिवाय ओढायचा नाही. गार झाला का, ते तू उलटा हात ठेवून बघायचीस, तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसं.

गावच्या कबड्डी संघाचे टी-शर्ट तूच केलेस. सगळे सारखे. शेवटचा उरला तो तुझ्या मैत्रिणीच्या पोराचा, पलीकडच्या घरातला. पोळा जवळ आलेला, नदी भरून चाललेली, सामने पलीकडच्या काठाला, जायचं नावेनं. तो दारात उभा राहून घाई करतो आहे.

"काकी, आटप ना वं. डोंगा सुटून राह्यला."

"गार होऊ दे. मंग ने."

"डोंगा का तुह्या इस्त्रीसाठी थांबते?" म्हणत त्यानंच कागद ओढला. वाघाचा डावा कान कागदालाच चिकटून राहिला.

"पाय, केला ना वाघ कानतुटा!" तू चिडलीस.

"बरं झालं. आता मायनं कितीबी हाका मारू दे, वाघाले ऐकूच येत नाई." गरम टी-शर्ट डोक्यातून घालत, हसत तो घाटाकडे पळाला.

परतताना डोंगा उलटला. बाकीचे पोहून निघाले, तीन पोरं गेली. बऱ्याच दिवसांनी खालच्या गावाच्या घाटाला एक प्रेत लागलं. मासोळ्यांनी चेहरा ठेवला नव्हता. अंगात वाघाचा टी-शर्ट होता, पण तो तर तिघांच्याही अंगात होता. तिघांच्या आया काठावर बसलेल्या, आणि प्रत्येकीचं म्हणणं एकच, माहा नोहे. पोलीस जमादारानं तुला पुढे बोलावलं. "बाई, हे तुम्हीच बनवले म्हणतात. काही खूण सांगता येते का?"

मी तुझ्यासोबत होते. तू खाली बसलीस, पदरानं चिखल पुसलास आणि उलटा हात त्या वाघावर ठेवलास, अगदी घरी ठेवायचीस तसाच. मग कानाच्या जागी बोट फिरवलंस. तू गप्प राहू शकली असतीस. तिघींनाही आशा उरली असती. पण मैत्रिणीकडे न बघता तू म्हणालीस, "बाई, हा तुहा हाय."

"कशावरून म्हणतं?"

"कान नाई."

"पाण्यानं धुवून गेला असंल."

"माहा छाप धुवून जात नाई, बाई."

त्यानंतर ती तुझ्याशी बोलली नाही. तू विहिरीवर आलीस की ती घागर अर्धीच भरून निघून जायची. उरलेले कागद तू चुलीत घातलेस, आणि मग वर्षानुवर्षं, भाकरी थापता थापता, मध्येच मला विचारायचीस, "मी गप राह्यले असते तं?" मी तव्यावरची भाकरी उलटायचे.

तुला स्मशानात पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी ती मैत्रीण आली. म्हातारी झाली होती, उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "तुह्या मायनं सांगलं म्हणून माह्या लेकाले माती भेटली. त्या दोघी अजून सांजच्याले घाटावर जाऊन बसतेत." हे तुझ्यासमोर का बोलली नाही, ते मी विचारलं नाही. पाणी प्यायली आणि गेली.

तेवढंच तुला सांगायचं होतं. आता माझ्याकडे विजेची इस्त्री आहे. नातवंडांचे छापाचे शर्ट मी उलटे करून इस्त्री करते. सून म्हणते, आई रंग किती जपतात. मी हो म्हणते.