एका उतरंडीतल्या दोन ताटल्या

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत एक ताटली पाठवतो आहे, जपून उघड. एका म्हाताऱ्या खलाशाच्या कपाटात चाळीस वर्षं पडून होती. कुठली आणि किती जुनी, एवढं संग्रहालयाच्या कागदावर लिहून सही दे. गिऱ्हाईक दुकानात रोज खेटे घालतंय. तू मडक्यांची डॉक्टरीण, तुला काय अवघड!

धाकटीकडे जात जा. नवरा दारू पिऊन धक्क्यावरून पडून गेला, त्याला आठ महिने झाले, तरी बिचारी मान वर करून चालत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा, बंडू

१७ फेब्रुवारी

चि. बंडूस,
अ. उ. आ.

ताटली थायलंडची, सुखोथाईच्या भट्ट्यांतली, पाच-सहाशे वर्षांची. भरड करडी माती, वर पांढऱ्या मातीचा हात, काळ्या रंगात मासा, आणि आत टेकूच्या पाच पायांचे व्रण. तिथले कुंभार ताटल्यांची उतरंड रचताना मध्ये पाच पायांचा टेकू ठेवत. इथवर सही देते.

पण कपाटाची गोष्ट दुसऱ्या कुणाला सांग. माझ्या टेबलावर आठ दिवसांत तिला मीठ फुटलं, झिलईचे पापुद्रे सुटले. ती समुद्रातून निघालेली आहे, आणि तेही हल्लीच.

धाकटीच्या नवऱ्याने मरायच्या दोन दिवस आधी तिला अशीच ताटली आणून दिली होती. तिला ती डोळ्यांसमोर नको, म्हणून माझ्याकडे आहे. त्या ताटलीच्या बुडाचा एक टवका उडालाय. तो तुझ्या ताटलीत आतून चिकटलेला आहे. भट्टीत उतरंड कलली असणार. मी दोन्ही जुळवल्या, मध्ये नख शिरत नाही.

एका उतरंडीतल्या, म्हणजे एकाच बुडालेल्या जहाजातल्या. तो पाणबुड्या होता, बंडू. तू त्याला कुठे उतरवलंस? मला फार भीती वाटते आहे.

उत्तराची वाट बघणारी,
ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे खोटं टिकत नाही. बुडालेलं जहाज त्याला सापडलं, होडी माझी. दोर माझ्या हातात होता. दोन हिसके म्हणजे टोपली सोड, सारखे हिसके म्हणजे वर ओढ, असं ठरलेलं. त्या दिवशी हिसके थांबेनात. मला वाटलं घबाड लागलंय, टोपलीची घाई करतोय. मी टोपली सोडली. ओढला तेव्हा तो गेलेला होता.

परवाना नव्हता. म्हणून त्याला धक्क्याखाली नेऊन ठेवला आणि कपड्यांवर दारू ओतली. दारू सोडून त्याला तीन वर्षं झाली होती, पण लोकांना पटायला वेळ लागला नाही.

पाया पडतो, धाकटीला कळू देऊ नकोस.
तुझा, बंडू

३ मार्च

ती. बंडूदादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ताईने माझ्या हातात दिलं आणि शेजारी बसून राहिली.

आठ महिने मी त्याला शिव्या दिल्या. त्याचे कपडे वाटून टाकले. लेकीला सांगितलं, तुझ्या बापाला आपल्यापेक्षा बाटली प्यारी होती. ती आता शाळेत बापाचं नाव लावायला तयार नाही. हे मी कसं निस्तरू?

ताई सोमवारी पोलिसांत जाणार आहे, दोन्ही ताटल्या आणि तुझं पत्र घेऊन. त्याआधी तू ये. लेक चारला घरी येते. तिला समोर बसवून तुझ्या तोंडाने सांग, तिचा बाप खालून दोर ओढत होता आणि वर तू होतास.

लोभ मागत नाही.
धाकटी