गोगलगायीची माती

भिवरीची वाडी, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा
वैशाख, १९३४

प्रिय गोदावहिनी,

तुला, मला आणि डोक्यावर ओझी वाहून म्हाताऱ्या झालेल्या आपल्या प्रत्येक बाईला आजवर एकच प्रश्न विचारला गेला आहे : यात तुझं काय? घर सारवलं तर भिंत सासऱ्याची. गाय वाढवली तर दावं नवऱ्याच्या हातात. नाचणी आपण लावायची, आपण कापायची, आणि कणगीपाशी उभं राहून वर हा प्रश्न ऐकायचा. बघ, पत्राची सुरुवातसुद्धा सभेसारखी झाली. काय करू? पुण्याहून परतल्यापासून पनवेल ते खालापूर इतकी ओरडत हिंडले की आता मला हळू बोलताच येत नाही. हे पत्र तुमच्या वाडीतल्या इंदूबाई तुला वाचून दाखवतील. त्यांना नमस्कार सांग आणि हेही सांग, की मधलं काही गाळू नका. शिव्या आल्या तर त्याही वाचा.

तू वर आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. मी तेव्हा सुट्टीला घरी आले होते. लोधिवलीकडच्या तुझ्या वाडीपासून इथवर चढ चढून आलीस, डोक्यावर मातीची टोपली, आणि वाघ्यादादा मागून येत प्रत्येक वळणावर विचारत होता, "दमलीस का गं?" तू काही बोलली नाहीस, कारण आपल्या पठारावर येणारी नवरी टोपली खाली ठेवत नाही आणि बोलतही नाही. कड्यावर पोचल्यावर तू कातळाच्या मधल्या खोलगटात टोपली पालथी केलीस आणि पहिलं वाक्य बोललीस, "एवढ्याशा मातीत काय पिकनार हाय तुमच्यात?" बाया हसून लोळल्या होत्या. तुझी माती काळी, चिकट, भाताच्या खाचरातली. तिच्यात गोगलगायींचे पांढरे शंख होते. पठारावर कधी गोगलगाय दिसत नाही, म्हणून पोरं ते शंख वेचायला धावली आणि आईनं त्यांना हाकललं, "ठेवा रं तिथंच! मातीतलं काय काडायचं नाय."

पुण्यात मी पुष्कळ वाचलं, वहिनी. राजांची वंशावळ पाठ केली, दूरदेशीच्या कुळांनी जमीनदारांशी दिलेले लढे वाचले. पण बायकांनी माहेरून माती आणून दगडावर शेत उभं केलं, असं मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. आपल्या इथे खडकावर चार बोटं माती. टिकाव मारला की ठणका खांद्यापर्यंत. ही चार बोटंसुद्धा कातळानं दिलेली नाहीत. आईनं आणली, आजीनं आणली, दिवाळीत माहेरी गेलेली प्रत्येक बाई परतताना एकेक टोपली घेऊन आली. पावसात माती वाहून बांधाला अडली की जिची तिनं रंगावरून ओळखायची आणि जिची तिनंच उचलून परत पसरायची. दुसरीच्या मातीला हात लावायचा नाही. असा कायदा कुठल्या सरकारनं केला होता?

आता बातमी ऐक. खालच्या इनामदारानं आपलं अख्खं पठार गवताच्या ठेकेदाराला दिलं आहे. मुंबईच्या तबेल्यातल्या घोड्यांना गवत कमी पडतं म्हणे. नाचणी बंद, गुरं बंद, चारी बाजूंनी काटेरी तार. कारभारी आबाजी तो निरोप घेऊन वर आला तेव्हा मी त्याच्यासमोर भाषण केलं. चांगलं केलं, खोटं कशाला सांगू? हक्क, न्याय, इतिहास, सगळं आणलं. जैतूकाका पाठ खाजवत बसला होता, जयवंता पोराला पाजत होती आणि टाळी एकही पडली नाही. माझं संपल्यावर आबाजीनं पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, "बाई, कातळ सायबांचा. कागदात तसं हाय. माती तुमची म्हन्तेस ना? मंग न्या की उचलून, कोन आडवतंय?" आणि आपल्याच विनोदावर खदखदून हसला. बरोबरचे गडीही हसले.

तेव्हा आई उठली. ठकीम्हातारी, जिला उठताना दोन माणसं लागतात, ती काठी टेकून एकटी उठली. घरात गेली, टोपली घेऊन आली आणि आबाजीच्या पायाशी, तिच्या स्वतःच्या मातीत, बसून हातानं खरडू लागली. आबाजी म्हणाला, "काय करतेस गं म्हातारे?" आई म्हणाली, "तूच म्हनालास ना, न्या? पाय काड तितून. माजी माती हाय ती."

त्या दिवसापासून आम्ही शेत उचलतो आहोत. थट्टा नाही, खरंच उचलतो आहोत. ओढ्यापलीकडचा कातळ गुरचरणाचा आहे, तिथे इनामदाराचा कागद चालत नाही. तिथे बाप्यांनी दगडांचे बांध घातले. बाया माती खरडतात, टोपलीत भरतात, ओढा ओलांडून नेतात आणि रंगानुसार पसरतात. जयवंताची तांबडी एका अंगाला, आईची नदीकाठची राखाडी दुसऱ्या अंगाला. मी माझ्या आजीची उचलते, कारण ती नातीला चालते असं जैतूकाकानं ठरवलं. ठरवताना मला टोमणा मारला तो वेगळा : "भाषनापरीस टोपली बरी उचलतेस गं तू, जने." ठेकेदार स्वतः बघायला आला होता. जिथे पावसात गुडघाभर गवत होईल असं सांगितलं होतं तिथे काळा कातळ उघडा पडलेला. त्यानं आबाजीकडे असं बघितलं की मी ते बघणं जन्मभर जपून ठेवणार आहे. मग चालत चालत तो मधल्या खोलगटापाशी आला आणि थांबला.

तो खोलगट तुझा आहे. सगळ्या पठारावर एवढ्याच जागी माती अजून जशीच्या तशी आहे, आणि सगळ्यांत खोलही तिथेच. आबाजीला लगेच वाचा फुटली. "ही बगा, ही आसली जमीन! हिला मालक कोन? ती बाई तर कवाच निगून गेली." ठेकेदारानं मान डोलावली. सोमवारी तारेचे खांब येणार आहेत, ते त्या खोलगटाभोवती रोवायचे ठरले आहेत. तेवढ्यावर त्यांचा ठेका उभा राहतो, आणि तेवढं कुंपण घातलं की ओढ्याची वाटही आत जाते. मग आमची पलीकडची माती, गुरं, पाणी, सगळं त्यांच्या फाटकावर अवलंबून. मी कायद्याची पुस्तकं उलटीपालटी केली. आणलेली माती कुणाची, याचं उत्तर त्यांत नाही. नसू दे. पुस्तकात नसलेलं उत्तर आपण हातानं लिहू.

तू म्हणशील, माझी माती तुम्हीच उचला. मीही तेच म्हणाले होते. एकही बाई पुढे आली नाही. जिनं टाकली तिनंच उचलायची; पहिली टोपली तिनं उचलली, तरच पुढच्यांना बाकीच्यांनी हात लावायचा.

तू का गेलीस ते मला ठाऊक आहे. वाघ्यादादा मधासाठी कड्यावर उतरला आणि घसरला. त्याचा देह वर आणला तेव्हा त्याच्या पायांना काळी माती चिकटलेली होती, आणि आई सगळ्यांदेखत तुला म्हणाली, "गोगलगायीची माती पाय धरती. हिच्या मातीनं माज्या पोराचा पाय धरला." मी तेव्हा तिच्याशी भांडले, अजून त्यावरून भांडते. तो सकाळी तुझ्याबरोबर शेतात राबून गेला होता, माती लागणारच! पण तू भांडली नाहीस. टोपली दाराशी ठेवलीस आणि उतार उतरून गेलीस. तू रागावली आहेस ते बरोबरच आहे. राग सोड असं मी सांगणार नाही. राग घेऊनच ये.

कारण हे पत्र मी माझ्या मनानं लिहीत नाही, वहिनी. आईनं लिहायला लावलं आहे. आबाजी ठेकेदाराला खोलगट दाखवून गेल्यापासून ती तुझ्या खोलगटात बसून आहे. भाकरी तिथेच खाते, निजते तिथेच. काल आबाजीचा गडी गजा तिला उठवायला आला. गोड बोलला, मग दरडावून बोलला. आई त्याला म्हणाली, "माजे पाय धरलेत या मातीनं. सून येऊन सोडवीपत्तुर मी उटनार नाय. तुज्या सायबाला सांग, खांब माज्या मांडीत रोव." गजा खाली गेला तो अजून वर आला नाही. मग मला जवळ बोलावून तिनं मुठीतला एक पांढरा शंख दाखवला आणि म्हणाली, "तिला लिव. म्हनावं, म्हातारी चुकली. आनि म्हनावं, टोपली शेनानं सारवून ठेवलीय." पत्राच्या घडीत तो शंख घातला आहे. इंदूबाईंना सांग, हरवू नका.

सोमवारी खांब यायच्या आत तुला इथे यायचं आहे. कुणाची परवानगी काढू नकोस, कुणाला कारण सांगू नकोस. रविवारी उन्हं कलली की निघ, पठार चढ, आईला हाताला धरून उठव, आणि पहिली टोपली तू उचल.

ओढ्याच्या अलीकडे तुझी वाट बघणारी,
तुझीच,
जना