ऑर्लाच्या लग्नासाठी लॉन

१४ सप्टेंबर, शनिवार
ऑर्लाचा फोन. लग्न ठरलं! जूनमध्ये. मी ताबडतोब म्हणालो, आपल्या मागच्या लॉनवरच करू, पांढरा तंबू टाकू. ती म्हणाली, बघू, बाबा. म्हणजे होच. माझीच मुलगी, मला कळतं. नऊ महिने हातात आहेत. तिची आई मला सोडून गेली त्याला अकरा वर्षं झाली. तीही येईल लग्नाला. बघू दे तिला, या फिंटनचं लॉन काय चीज आहे ते.

१५ सप्टेंबर
दाताळ्याने शेवाळ खरवडून काढलं. अठरा पोती निघालं. खाली गवत फारसं नव्हतं. शेजारची पेग, वय ब्याऐंशी, कुंपणावरून म्हणाली, अरे फिंटन, शेवाळ होतं तोवर हिरवं तरी दिसत होतं, आता टक्कल केलंस की! पेगला यातलं शास्त्र कळत नाही.
पाठ धरली आहे. त्याचा शेवाळाशी संबंध नाही.

२२ सप्टेंबर, संध्या. ५
बी पेरलं. कबुतरं जेवायला हजर. संकल्प: उद्यापासून रोज सहाला उठून त्यांना हाकलणे.

२३ सप्टेंबर
सव्वानऊला उठलो. कबुतरंही कालच्या जेवणाने दमली असतील.

१९ ऑक्टोबर
उगवलं! बाळाच्या जावळासारखं. ऑर्लाला फोटो पाठवला. तिने नुसता अंगठा पाठवला. भारावली असणार.

१ डिसेंबर
ऑर्ला येऊन गेली. वीस मिनिटं. म्हणाली, बाबा, लग्नाबद्दल जरा बोलायचंय. मी म्हटलं, बोलू की, आधी लॉन बघ. ती मागचं दार उघडून बाहेर निघाली, तेव्हा मलाच तिला अडवावं लागलं. ओल्या गवतावर चालायचं नसतं. मग खिडकीतून बघितलं तिने. बराच वेळ. चहा अर्धा टाकून गेली.
बोलायचं राहिलंच. थंडीत माणसाला फार बोलवत नाही.

२ मार्च
शेवाळ परत आलं. त्यावर लोहयुक्त औषध मारलं. डब्यावर लिहिलेलं प्रमाण घाबरट लोकांसाठी असतं. मी दुप्पट घेतलं.

५ मार्च
लॉन काळं. वाटेच्या फरश्या गंजासारख्या नारिंगी. पेगने विचारलं, आगीचा बंब येऊन गेला का? मी फरश्या घासत राहिलो.

१३ एप्रिल
पहिली कापणी. पहिल्या वेळी फक्त शेंडे उडवायचे असतात, हे मी सगळ्यांना सांगतो. मशीनचं पातं खाली अडकलं. मधोमध तपकिरी पट्टा पडला. तिथे जेवणाचं टेबल येईल. उलट सोयच झाली.

६ मे
पत्रिका आली. छापखान्याची चूक आहे. नदीकाठच्या हॉटेलचं नाव टाकलंय. पेगला दाखवली. तिने चष्मा लावून दोनदा वाचली आणि जपून परत पाकिटात घातली. संध्याकाळी सूप घेऊन आली.

७ मे
ऑर्लाला फोन केला. चूक नाही. चर्चमध्ये बापाच्या जागी, हात धरून वेदीपर्यंत तिला जेरार्ड नेणार आहे. जेरार्ड म्हणजे तिच्या आईचा नवरा. म्हणाली, बाबा, डिसेंबरात हेच सांगायला आले होते रे. मी विचारलं, माझ्या लॉनमध्ये काय कमी आहे?  ती म्हणाली, माझ्या सातव्या वाढदिवसाला तू सगळ्या पोरांना सिमेंटच्या वाटेवर ओळीने उभं करून केक खायला लावलास. कुणाचा पाय गवतावर पडला की ओरडायचास. पुढच्या वर्षी कुणी आलंच नाही.
मला असं काही आठवत नाही. त्या साली नुकतंच बी पेरलं होतं, एवढं आठवतं.

२१ जून, शनिवार, रात्री ९. अजून उजेड आहे.
लग्न झालं. मला तिसऱ्या रांगेत जागा होती. जेरार्डबरोबर जाताना ऑर्लाने वाकून माझ्या खांद्याला हात लावला. छान दिसत होती. लहानपणी दिसायची तशी नाही. लहानपणी ती कशी दिसायची, हे आठवायचा प्रयत्न करत बसलो.
हॉटेलचं लॉन बरं आहे. कडा कच्च्या. बँड सुरू झाल्यावर ती स्वतः माझ्याकडे आली. बूट काढलेले. म्हणाली, चल बाबा, नाच माझ्याबरोबर. हात पुढे केला. तेवढ्यात तीन पोरं लॉनच्या कडेवरून धावत आली आणि मी ओरडलो. उतरा खाली, कडा तुटतात! आवाज एवढा मोठा झाला की बँड थांबला. फुलं उधळणारी छोटी मुलगी रडायला लागली. लोक हसले. ऑर्ला हसली नाही. हात मागे घेऊन तिने त्या पोरीला कडेवर घेतलं.
केक कापायच्या आधी निघालो. घरी लॉनला पाणी घालायचं होतं. ऑर्लाने मला निघताना पाहिलं नसावं.

२२ जून
पाहिलं होतं. गाडीपर्यंत अनवाणी धावत आली होती. काचेवर दोनदा टकटक केली.
मी गाडी चालू केली.