यंदाची चार पोरं

हार्लन फोर्क, इंडियाना
१२ एप्रिल

प्रिय मार्लीसताई,

तू आणि एमरी मजेत असाल. इकडे आम्ही ठीक. जोलीनचं डायलिसिस चालूच आहे. नवी नर्स हलक्या हाताची आहे, त्यामुळे सुई टोचताना मला बायकोच्या शिव्या पडत नाहीत. तू पाठवलेला पीचचा मुरंबा संपला. जोलीनने बरणी बोटाने चाटूनपुसून साफ केली.

आज सकाळी चर्चच्या हॉलमध्ये आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाच्या चाहत्यांची न्याहारी होती. पॅनकेक, सॉसेज आणि नव्या भरतीवर माझं भाषण. म्हातारे पेटिबोन पहिल्याच रांगेत.

"क्ले, गोडगोड नको हं! यंदाची पोरं खेळणारी आहेत, की नुसतीच उंच?"

मी सांगितलं. नेब्रास्काचा डॅरिक सात फूट आहे, पण हातातून चेंडू निसटतो. त्याला दोन वर्षं द्या. शिकागोचा ओरिन चपळ, तोंड पायांहून चपळ. मिझुरीचा ब्रँट लांबून नेम चुकत नाही, बचावात मात्र डुलक्या काढतो. एमरीबद्दल जपून बोललो. म्हटलं, "मोकळा गडी त्याला सगळ्यांच्या आधी दिसतो."

"आईवर गेलाय!" पेटिबोन ओरडले. "तुझ्यावर गेला असता तर घेतला नसता!" हॉलभर हशा पिकला.

ताई, इथवरचं फोनवरही सांगता आलं असतं. पुढचं नाही जमत. रविवारी तू फोनवर एमरीच्या इथल्या खोलीतल्या पडद्यांबद्दल बोलत होतीस आणि मी आपला पावसापाण्याचं विचारत राहिलो. त्याच्या आदल्या गुरुवारी आमच्या मुख्य कोचने, गॅरिकने, मला त्याच्या खोलीत बोलावलं होतं. दार स्वतः लावून घेतलं.

"दुसऱ्या कॉलेजातून दोन तयार गडी येतायत," तो म्हणाला. "तेवीस-तेवीस वर्षांचे. तुझ्या भाच्याच्याच जागेवर."

"मग एमरी?"

"बसेल बाकावर. पुढच्या वर्षी सांगू, बाबा रे, दुसरीकडे बघ."

"मग आत्ताच सांगू या ना. ओहायोवाले अजून जागा धरून आहेत त्याच्यासाठी."

"आणि हे दोघं ऐन वेळी फिरले तर? असू दे पोरगा हाताशी." मग हळूच म्हणाला, "तुझ्या बहिणीला कळलं, तर कुणी सांगितलं ते मला शोधत बसावं लागणार नाही, क्ले. जोलीन कशी आहे?"

त्याने ते काळजीने विचारलं की कशाने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जोलीन हॉस्पिटलात होती तेव्हा सगळ्यात आधी फुलं त्यानेच आणली होती. पण माझी नोकरी गेली की तिचा आरोग्यविमा गेला, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. मी मान हलवून बाहेर आलो. आज मी एमरीचं कौतुक करत होतो, तेव्हा गॅरिक समोर पॅनकेकवर पाक ओतत मान डोलवत होता.

काल एमरीचा फोन आला. "मामा, ओहायोचे कोच बुधवारपर्यंतच थांबणार म्हणतात. त्यांना नाही सांगून टाकू ना?"

"आईशी बोल."

"आई म्हणते, मामाला विचार."

सराव सुरू होतोय म्हणून मी फोन ठेवला. सराव नव्हता. रिकाम्या जिममध्ये बाकावर बसून राहिलो. उठून जायचं तरी कुठे?

मघाशी जोलीनला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "लिही तिला. आणि माझ्या आजारपणाआड लपू नकोस. तो आजार माझा आहे, तुझी सबब नव्हे."

तेव्हा ऐक. बुधवारी एमरीला इथल्या करारावर सही करू देऊ नकोस. ओहायोला हो म्हणा. ते कॉलेज लहान आहे, पण तिथे तो खेळेल. त्याला कमी लेखून हे घडलेलं नाही, हे त्याला नीट समजाव. ते मला तोंडावर सांगता येणार नाही, रडू येईल. गॅरिक तुला फोन करेल. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, तो ओळखेलच.

पुढे आमचं काय, मला माहीत नाही. जोलीनलाही नाही. बुधवारी सकाळी मी नेहमीसारखा कामावर जाईन आणि गॅरिकने हाक मारायची वाट बघेन.

कोच असण्याआधीपासून त्याचा मामा असलेला,
तुझा क्ले