मामाच्या शेडची फिल्म

चि. टिटवीस मामाचे अनेक आशीर्वाद (रागामुळे त्यांत कपात केलेली नाही). तुझा खोकला कसा आहे? आमच्या शेडमधल्या पिसांनी वाढला असेल तर औषध घे, त्याचीही फिल्म काढू नकोस. मी ठीक आहे. मामीही ठीक दिसते. नक्की सांगता येत नाही, कारण तुझी फिल्म पाहिल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात हे मला पहिल्यांदाच जड जातंय.

सुट्टीत मामाच्या हाताखाली काम करायचंय म्हणालीस, तेव्हा मी गावभर सांगत सुटलो की पोरगी एवढी शिकलेली, पण कोंबड्यांची घाण काढायला लाजत नाही. खिशाला पेन लावून हिंडायचीस, ते मला अभ्यासूपणाचं लक्षण वाटलं. त्या पेनात कॅमेरा होता, हे फोनवर स्वतःलाच बघेपर्यंत कळलं नाही. चेहरा धूसर केलास, उपकार झाले. पण अंगातला स्वेटर तुझ्या आईने विणलेला, आणि त्यावरच्या पाच पायांच्या हरणाला आमची सगळी आळी ओळखते. वर ते रडकं संगीत! तुम्ही ज्याला रक्त म्हणता ते जखमेवरचं लाल औषध होतं, बाटली धरून तूच उभी होतीस. पिंजरे अरुंद आहेत हे मात्र खरं. ते मला फिल्मशिवायही दिसत होतं.

परवा तुझ्या त्या प्राणी वाचवणाऱ्या संघटनेची माणसं आमच्या फाटकाशी बसली. त्यांतले एक धिप्पाड गृहस्थ कोंबडी होऊन आले होते. उन्हात त्या पोशाखात त्यांना घेरी आली, पोशाखाची चेन अडकली, म्हणून मामी कात्री घेऊन धावली (तर बाकीच्यांनी तिचंच चित्रण सुरू केलं). हाताला दुसरं काही लागेना, म्हणून मी 'हा माणूस निर्दय आहे' या फलकाने वारा घालत होतो. शुद्धीवर आल्यावर त्यांनी फलक वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याच हातून पाणी घेतलं. माणूस भला वाटला. जाण्यापूर्वी त्यांनी मामीला आपल्या फोनवर तुझी फिल्म अथपासून इतिपर्यंत दाखवली.

आईला नमस्कार सांग. स्वेटरबद्दल तिच्याकडे काही बोलू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. फिल्मच्या शेवटी आपण मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरत असतो, तेव्हा संगीत थांबतं. तू म्हणतेस, "मामा, ही अजून जिवंत आहे." मी म्हणतो, "टाक पोत्यात, कामं पडलीत." मला हे आठवतही नव्हतं, पण आवाज माझाच आहे. मामीने तेवढंच पुन्हा लावून ऐकलं. मला फार लाज वाटली गं.

आणखी एक. ते वाक्य काढून टाक, असं सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं होतं. आता राहू दे. फक्त एकदा घरी ये आणि मामीला सांग, की त्या दिवशी मामा फार घाईत होता. (घाईत नव्हतो. पण तू सांग.)