सुरेशचा रिकामा डबा

यावल, रविवार, १७ जानेवारी १९८८

स्वेटरला अजून कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या धुराचा वास येतोय. दर हिवाळ्यात जातो तसे आम्ही चौघे कॉलेजचे मित्र आज तापीकाठी फिरायला गेलो. भरताची वांगी मी नेली, भाजलीही मीच. ते माझंच काम, का ते कुणी विचारत नाही. सुरेशने पिशवीतून एक रिकामा स्टीलचा डबा काढून दगडावर ठेवला. मी लक्ष दिलं नाही.

जेवून काठाकाठाने चालताना प्रकाश सहज बोलून गेला, "सुरेश, तुझ्या पोराच्या लग्नातल्या बट्टीची चव अजून तोंडात आहे."

लग्न? मार्गशीर्षात झालं म्हणे, जळगावला. बाकीचे दोघंही पंगतीला होते. यावल काय जळगावपासून फार लांब आहे?

मी थांबलो. सुरेश पाण्याकडे बघत म्हणाला, "घाईत झालं रे. आणि तू तर घरचा. घरच्या माणसाला कसलं बोलावणं?"

घरचा. वांगी भाजायला घरचा. हे तिथंच तोंडावर म्हणायला हवं होतं. सुचलं ते परतताना, एसटीत.

फिरून आलो तर डबा दगडावर तसाच. सुरेश म्हणाला, "उरलेलं भरीत यात भर ना. सुनेला तुझ्या हातचं खाऊ घालायचंय."

म्हणजे सकाळी घरून निघताना सुनेसाठी डबा घ्यायचं बरोबर आठवलं त्याला.

आणि मी काय केलं? डबा भरला. चांगला दाबून भरला, वरून कांद्याची पातही घातली.