अकरा कळ्यांचा मोदक

२ ऑगस्ट, शनिवार
आज उन्मेष मोबाईलवर घड्याळ लावून माझ्यासमोर बसला. एका मोदकाला दोन मिनिटं दहा सेकंद! म्हणाला, "प्रॉडक्टिव्हिटी नाही तुझी, लतिका."

चौदा वर्षं मी या दादरच्या ओट्यावर ऑर्डरचे मोदक वळतेय. इतकी वर्षं हा लोअर परळच्या ऑफिसात होता, माझेच मोदक डब्यात नेऊन साहेबाची शाबासकी घ्यायचा. मार्चमध्ये ऑफिसनं काढलं. तेव्हापासून नवरा उद्योजक. खुर्चीतून उठत नाही, पण उद्योजक!

४ ऑगस्ट
व्हिजिटिंग कार्डं आली. याचं नाव, खाली 'संस्थापक'. कशाचा? उकड मी मळते.

आता अकरा कळ्या नकोत म्हणे, सातच पाड. गिऱ्हाईक काय कळ्या मोजतं? गिरगावच्या बकुळाताई मोजतात. याला कुठून माहीत असणार!

५ ऑगस्ट
यानं प्लास्टिकचा साचा आणला. उकड त्यातच दाबली.

७ ऑगस्ट
साच्यातले मोदक बकुळाताईंकडे गेले. लगेच फोन. "बरं नाही का गं तुला?" एवढंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं. उन्मेष म्हणतो, एक गेलं तर दहा येतील. येऊ देत. वळणार कोण?

बाजारात मालन भेटली. लालबागला तिचं पोळीभाजी केंद्र आहे. म्हणाली, ये गो माझ्याकडे, आठ ते चार, रविवार तुझा. मी हसण्यावारी नेलं. स्वतःचा धंदा सोडून कोणी नोकरीला जातं?

१० ऑगस्ट, रविवार
टेबलावर धंद्याच्या नोंदणीचा फॉर्म. यानंच भरलेला. मालक – उन्मेष. कामगार – एक.

विचारलं, हा कामगार कोण? वर न बघता म्हणाला, "अगं, तूच की. फॉर्ममध्ये तसं लिहावं लागतं."

रडू नाही आलं. संताप आला. आणि परवा अंगारकी. दोनशे एक मोदकांची ऑर्डर!

११ ऑगस्ट
दिवसभर फोन केले. आधी मालनला, मग एकेका गिऱ्हाइकाला.

१२ ऑगस्ट, अंगारकी
सकाळी साचा धुऊन ओट्यावर पालथा घातला. शेजारी फॉर्म ठेवला. कामगार 'एक' होता, तो खोडला.

हे मालनच्या केंद्रात बसून लिहितेय. तिच्या बायकांनी हातभार लावला. दोनशे एक मोदक इथून गेले, अकरा-अकरा कळ्यांचे. बकुळाताईंनी मोजूनच घेतले. उन्मेषचे फोनवर फोन येतायत.

उद्यापासून आठ ते चार. स्वतःचा धंदा सोडला म्हणतील लोक. स्वतःचा!